कच्च्या आवृत्तीतल्या बाई

नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात यायच्या आधी तिची कच्ची आवृत्ती हौशी लोकांना चाचणीसाठी देतात. ती उतरवून घ्यायचं मला वेड आहे. सात रस्त्याजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या मशीनवर मी असले प्रयोग करत नाही, पण घरचा जुना लॅपटॉप या वेडापायी कितीदा तरी मेला आणि पुन्हा जिवंत झाला. "भाकरी तव्यावर असतानाच तुकडा मोडायची सवय तुझी," असं नवरा म्हणतो. म्हणू दे. बिघडलेलं ठीक करताना मला जी मजा येते, ती त्याला क्रिकेट बघतानाही येत नसेल.

यंदाची आवृत्ती मात्र हौसेसाठी घेतली नव्हती. पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारा आवाज तिच्यात पहिल्यांदाच आला होता, आणि तो मला सासऱ्यांसाठी हवा होता.

सासरे मोडनिंबचे. डोळे अधू झाले, डॉक्टरांनी आता इलाज नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ते आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आले. गावाकडे सकाळी चहाबरोबर अख्खा पेपर वाचायचा आणि मग दिवसभर आळीला बातम्या पुरवायच्या, असा त्यांचा थाट होता. इथे आम्ही वाचून दाखवायचो. मी फोडणी घालता घालता नुसते मथळे वाचायची. नवरा नीट वाचायचा, पण निधनवार्ता गाळायचा. "उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर," हे त्याचं म्हणणं. गाळतोय हे सासऱ्यांना कळायचं, त्याला काही डोळे लागत नाहीत. हळूहळू त्यांनी पेपर मागणंच सोडलं. "ऱ्हाऊ दे, काय असतंय त्यात," म्हणायचे आणि गॅलरीत बसून राहायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा, आणि फार वाईटही वाटायचं.

एका रविवारी लॅपटॉप तयार केला आणि पेपरची वेबसाइट उघडून ठेवली. वाचन सुरू करायचं बटण बोटाला कळावं म्हणून सासूबाईंनी आपल्या पाकिटातली खड्याची टिकली काढून त्यावर चिकटवली. सासऱ्यांनी चाचपून टिकली दाबली आणि एक बाई खणखणीत आवाजात बोलायला लागल्या. परक्या बाईमाणसासमोर बसावं तसे ते सावरून बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"बाई पुण्याकडच्या दिसत्यात," ते म्हणाले. "लई शुद्ध बोलत्यात."

शुद्ध होत्या, पण कच्च्याही होत्या. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आणि कुणाचा तरी दहावा एका दमात वाचायच्या. जाहिरातीत मोबाइल नंबर आला की थेट "नऊशे सत्त्याऐंशी कोटी" पासून सुरुवात. सासरे हसून हसून बेजार व्हायचे. कितीतरी महिन्यांनी ते असे हसत होते.

अशा चुका कंपनीला कळवायच्या, यासाठीच तर ही चाचणी असते. मी एरवी एक ओळ खरडते आणि मोकळी होते. सासऱ्यांना ते पसंत पडेना. "अगं, बाईमाणसाची तक्रार अशी करत्यात व्हय?" मग ते सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. "सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपल्याकडील बाई चांगल्या वाचतात. फक्त दोन बातम्यांच्या मध्ये त्यांना जरा श्वास घेऊ द्यावा. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद." हसू दाबत मी ते जसंच्या तसं पाठवलं.

पुढच्या अपडेटनंतर बाई एकदम गप्प झाल्या. टिकली कितीही दाबा, चकार शब्द नाही. मला येत होते तेवढे सगळे उपाय केले, चिडचिड केली, लॅपटॉप आपटायचा तेवढा बाकी ठेवला. सासरे पुन्हा गॅलरीत जाऊन बसायला लागले. तिथूनच त्यांनी दुसरं पत्र सांगितलं. "बाई बोलत नाहीत. प्रकृती ठीक आहे ना, ते कळवावे." या वेळी मला हसू आलं नाही. कच्च्या आवृत्तीतली प्रत्येक गोष्ट पक्कीत येतेच असं नसतं, हे मला ठाऊक होतं. त्यांना ते सांगायचा धीर झाला नाही.

अखेर पक्की आवृत्ती आली. दुकानाला सुट्टी देऊन मी ती चढवली आणि सासऱ्यांना हाक मारली. त्यांनी टिकली दाबली. बाई बोलल्या! पहिली बातमी संपली, बाई क्षणभर थांबल्या आणि मग दुसरी सुरू केली.

"पत्र पोचलं बघ," सासरे म्हणाले.

हेच आणखी हजारोंनी कळवलं असेल. पण मी म्हणाले, "व्हय मामा, पोचलं."

आता सासूबाईंना त्रास नको म्हणून ते कानाला इअरफोन लावून ऐकतात आणि जेवताना आम्हाला बातम्या सांगतात. परवा सकाळी ऐकता ऐकता त्यांनी मध्येच टिकली दाबून बाईंना थांबवलं आणि कानातले इअरफोन काढून ठेवले. सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "काय म्हनतोय पेपर?"

"काय न्हाय. आदी जेवून घे."

जेवणं झाल्यावर त्यांनी सासूबाईंना जवळ बसवून घेतलं आणि मोडनिंबची त्यांची जन्माची शेजारीण गेल्याचं हळू आवाजात सांगितलं. सासूबाई रडल्या. सासरे त्यांचा हात धरून बसले.

नवरा चकित झाला. "तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळीच. पर उपाशीपोटी सांगायची बातमी हाय व्हय ती?" सासरे म्हणाले. मग टोपी नीट करत त्याला म्हणाले, "गाडी काढ. हिला मोडनिंबला घेऊन जायचंय."