डावरीची खोड

कुणी डाव्या हाताने सही करताना दिसलं की आजही मला कामठ्याचे मास्तर आठवतात. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण "साहेब, एखादी केस सांगा" असं कुणी म्हटलं की मी ही गिटारच्या चोरीचीच सांगतो. मित्र हसतात. गिटारच्या चोरीत सांगण्यासारखं ते काय? पहिल्या दिवशी मीही हसलोच होतो, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

त्या वर्षी मी गोंदिया जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी तीनएक आठवड्यांवर आली होती. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात साठीच्या घरातला एक माणूस ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. धुवट पांढरा शर्ट, पायात स्लिपर, आणि डोळे रात्रभर न झोपलेल्याचे. झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत तो गिटार वाजवायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. मंचाच्या पुढ्यात वाजवणारे बसतात, त्यांत चाळीस वर्षं याची जागा ठरलेली. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

आदल्या दिवशी वडशाला तालीम करून मंडळी टेम्पोने परतत होती. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर सगळे चहाला उतरले. परत येऊन पाहतात तर गिटारची काळी पेटी गायब.

हवालदार फिर्याद लिहून घेऊ लागला. "कंपनी कोणती?"

"मालूम नाई, साहेब. नाव घासून गेलं तिचं."

"मॉडेल?"

"नाई."

"बिल तरी असेल?"

"देणाऱ्यानं देल्ली. बिल कोठचं?"

"मग मी लिहू काय?"

"डावरी लिवा. तिचं नाव डावरी हाय."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघेही हसलो. मी वर शहाणपणा केला. म्हटलं, "मास्तर, तपास होईल तेव्हा होईल. गोंदियाच्या बाजारात हव्या तेवढ्या गिटारी मिळतात, तोवर एखादी घ्या."

मास्तरांनी डावा हात टेबलावर ठेवला. "मी डावरा हावो, साहेब. उजव्या हाताची मले चालत नाई. ते डायवर साहेब बी डावरेच होते. मॅनेजरनं सांगून देल्लं, भाऊबीजेपर्यंत डावरी आली तं बस, नाई तं तुह्या जागेवर दुसरा बसवतो. आता या उमरीत मी कोठं बसू?"

ते ड्रायव्हर साहेब म्हणजे गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतले एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मास्तर तरुणपणी त्यांच्या घरी दूध घालायचे. हा पोरगा माप डाव्या हाताने धरतो हे म्हाताऱ्याच्या नजरेत भरलं. त्यांनी त्याला घरात बोलावून वाजवायला शिकवलं, आणि लेकीकडे परदेशी जाताना गिटार त्याच्या हवाली केली.

खबर मिळाली ती दहा दिवसांनी. कोहमाऱ्याला पंक्चर काढणारा आमच्या ओळखीचा होता. त्याला आठवलं की त्या दिवशी एका पांढऱ्या जीपचं चाक त्याने बदललं होतं, आणि तिच्या ड्रायव्हरने लांबोडकी काळी पेटी मागच्या सीटवर आडवी टाकली होती. जीपच्या दारावर गोंदियातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानाचं नाव रंगवलेलं होतं. चोरी करताना आपली पाटी घेऊन फिरणारे लोक असतात, म्हणून आमचं पोट भरतं.

दोन पंच घेऊन आम्ही दुकानात गेलो. गिटार काचेच्या कपाटात होती. टोमॅटोसारखा लाल रंग, कडेने टवके उडालेले. व्यापारी जराही गडबडला नाही. त्याने खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला.

"साहब, ये रेलवे वालों के घर से लिया हुआ माल है। असली लेफ्ट हँडेड, साठ साल पुराना। ऐसा पीस उंगलियों पे गिन लो।"

मग त्याने गिटारचं कूळ सांगायला सुरुवात केली. कंपनी, मॉडेल, साल, मागच्या पत्र्यावरचा नंबर आणि त्या नंबराचा अर्थ. एका नव्या ट्रॅक्टरचं मोल तिला येईल म्हणाला. कागदही दाखवला, कुण्या रेल्वेवाल्याच्या सहीचा. त्याच्या ड्रायव्हरने चौकशीत तोंड उघडलं नाही. पेटी होती, पण कसली ते ठाऊक नाही, एवढंच त्याचं पालुपद.

खरं सांगतो, माझा काटा व्यापाऱ्याकडे झुकला. जप्ती पंचनाम्यात मी त्याने सांगितलेलं लांबलचक इंग्रजी नाव जसंच्या तसं लिहून घेतलं. एकाला वस्तूची सात पिढ्यांची माहिती, दुसऱ्याला कंपनीचं नावही ठाऊक नाही. कोर्टात कोण टिकेल? आम्हा पोलिसांना कागद बोलणारा माणूस आवडतो, त्यात आमची मेहनत वाचते.

तरी ओळख पंचनामा करणं भाग होतं. त्याची रीत अशी की जप्त वस्तूसारख्याच चार-पाच वस्तू शेजारी मांडायच्या आणि नायब तहसीलदारासमोर फिर्यादीने आपली ओळखायची. आता डाव्या हाताच्या जुन्या गिटारी गोंदिया जिल्ह्यात आणायच्या कुठून? हवालदाराने शाळा पालथ्या घातल्या, ऑर्केस्ट्रावाल्यांना गाठलं. गिटारी मिळाल्या पाच, सगळ्या उजव्या. पण आमचा हवालदार हार मानणारा नव्हता. दुपारभर खपून त्याने पाचही गिटारींच्या तारा काढून उलट्या क्रमाने लावल्या आणि कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाला, "साहेब, झाल्या सगळ्या डावऱ्या."

मास्तर आत आले, त्यांनी रांगेवर नजर टाकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "हवालदार साहेब, धोतर उलटं नेसलं म्हून त्याचं लुगडं होते का? पाहा, हिची बटनं वरतं गेली. वाजवाले घेतली का कोपर लागते अन् आवाज बंद. माह्या डावरीची बटनं खालतंच हायेत. ते जन्माचीच डावरी हाय."

नायब तहसीलदार पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. "अहो, या रांगेत वेगळी अशी एकच आहे. आंधळाही ओळखेल. आरोपीचा वकील हा पंचनामा एका मिनिटात उडवून लावेल."

भाऊबीजेला पाच दिवस उरले होते. मास्तर बाकावर बसले होते आणि त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यांच्याकडे बघताना मला माझी पहिली नेमणूक आठवली. दोघे शेतकरी एकाच बैलावर हक्क सांगत ठाण्यात आले होते. शिंग, शेपूट, खांद्यावरचा डाग दोघांनीही बिनचूक सांगितलं. तेव्हाच्या जुन्या जमादाराने मला बाजूला घेतलं. "पोरा, रंग चोरालाही दिसतो. मालकाला खोड विचार." एकाने सांगितलं की नांगराला डावीकडे जुंपला तर हा बसकण मारतो. जुंपून पाहिला, बसला.

मी व्यापाऱ्याला आत बोलावलं. "या गिटारमध्ये खोड काय आहे?"

तो दुखावला. "खोड? साहब, एकदम परफेक्ट पीस है। कोई खराबी नहीं।"

त्याला बाहेर बसवून मास्तरांना तेच विचारलं. त्यांनी सुस्कारा टाकला, घरातल्या जुन्या दुखणेकऱ्याबद्दल कुणी विचारल्यावर टाकावा तसा.

"मान झुकते तिची. आतून जागा देल्ली नाई तं खालच्या पट्ट्यांवर तार घासते, खरखर करते. लई वर्सं झाली, मी मान खोलून आत पत्रा टाकला. बायकोच्या फर्म्याचा कोपरा."

त्यांची पत्नी बिड्या वळायची. तेंदूपान मापात कापायला पत्र्याचा चौकोनी फर्मा लागतो. तिचा जुना फर्मा तेलाच्या डब्याचा होता आणि त्याच्या एका कोपऱ्यावर निळं फूल होतं. त्या फुलावरूनच कात्री गेली होती. उरलेला फर्मा कुठे आहे, असं मी विचारलं.

"तांदळाच्या कोठीले उंदरानं भोक पाडलं, त्याच्यावर ठोकला हाय तिनं."

मी लगेच पंचांसह हवालदाराला कामठ्याला पिटाळलं. दोन तासांनी तो परतला. हातात गंजलेला पत्रा, एक कोपरा कापलेला, आणि कापलेल्या कडेला अर्धं निळं फूल.

नायब तहसीलदारांसमोर गिटार टेबलावर पालथी ठेवली. व्यापारी ओरडू लागला, स्क्रू हलले तर वस्तूची किंमत जाईल म्हणाला. मी स्क्रू ड्रायव्हर मास्तरांच्या हाती दिला. चार स्क्रू होते. चौथा निघाला, मान हलकेच सुटली आणि नखाएवढा पत्र्याचा तुकडा टेबलावर पडला. हवालदाराने चिमट्याने तो उचलून फर्म्याच्या कापलेल्या कडेला लावला. फूल पुरं झालं.

दारात उभ्या जीपच्या ड्रायव्हरने ते पाहिलं आणि तोंड उघडलं. मग सगळं बाहेर आलं. त्याच्या मालकाने, म्हणजे व्यापाऱ्याने, मागच्या वर्षी एका मंडईत ही गिटार हेरली होती, विकत मागितली होती, मास्तरांनी नाही म्हटलं होतं. म्हणून संधी मिळताच ती उचलायला त्याने ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. रेल्वेवाल्याची सहीही व्यापाऱ्यानेच केलेली.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर, गिटार देण्याचा सुट्टीतल्या कोर्टाचा आदेश आला. मास्तर पत्नीला घेऊन ठाण्यात आले. मी वर्णनाच्या रकान्यात ते लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं आणि त्यापुढे, कुणी न विचारता, "ऊर्फ डावरी" असं लिहिलं. मास्तरांनी डाव्या हाताने सही केली.

मग त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून तार छेडली. वरच्या पट्ट्या ठीक वाजल्या, खालच्या पट्ट्यांवर बोट गेलं आणि खरखर सुरू झाली. मी कपाळाला हात लावला. तो पत्र्याचा तुकडा आणि फर्मा दोन्ही पुरावा म्हणून सीलबंद झाले होते. खटला संपेपर्यंत ते मुद्देमालातून हलणार नव्हते. मी म्हटलं, "बसा मास्तर, कुठला तरी पत्रा शोधतो."

त्यांची पत्नी पुढे झाली. परतताना बिडी कारखान्यातून पानं घ्यायची म्हणून सामान तिच्या पिशवीतच होतं. तिने कामाचा नवा फर्मा काढला, कात्री काढली आणि करकर आवाज करत कोपरा कापला.

मी म्हटलं, "बाई, हा तर रोजच्या कामाचा. तुमचं काम अडेल ना!"

"काऊन अडन? फर्मा उद्या दुसरा बनते, साहेब. डावरी दुसरी बनते का?"

नंतरच्या नोकरीत चोरीचा फिर्यादी आला की कंपनी आणि किंमत विचारण्याआधी मी खोड विचारायचो. त्यातून कितीतरी सायकली, पंप आणि एकदा तर एक रेडा खऱ्या मालकाकडे परत गेला. कागद बोलणाऱ्याकडे झुकण्याची माझी सवय मात्र पुरती गेली नाही. काटा तिकडे झुकायला लागला की मला ते अर्धं फूल आठवतं.

त्या दुपारी मास्तरांनी चार स्क्रू पुन्हा आवळले आणि वाजवलं. ठाणे अंमलदार बाहेर आला, लॉकअपचा पहारेकरीही दाराशी येऊन उभा राहिला. बाई कात्री पिशवीत ठेवून शांतपणे ऐकत होत्या. मी आत जाऊन स्टेशन डायरी उघडली आणि वेळ टाकून नोंद केली. डावरी मालकाच्या ताब्यात दिली. वाजते आहे.