सनाचा निकाह आणि अमेरिकेतले दोन पक्ष

आमच्याकडे कुणी सौदीला निघालं की सगळा मोहल्ला दारात जमतो. बाणकोट खाडीच्या काठचं आमचं गाव लहान, त्यामुळे सगळा म्हणजे खरोखर सगळाच. बायका तिकडे असलेल्या आपापल्या माणसांसाठी सुके बोंबील, पापड, लोणचं यांच्या पुड्या आणतात. पुरुष हात हातात घेऊन दुआ देतात. मी निघालो त्या सकाळी मात्र मोहल्ल्यातली अर्धी दारं बंद होती. जमातीच्या अध्यक्षपदावरून गावात दोन पार्ट्या पडल्या होत्या आणि समोरच्या घरात राहणारे माझे सख्खे चाचा दुसऱ्या पार्टीत होते. मी त्यांच्या ओटीकडे पाहिलं तर अब्बा म्हणाले, "तिकडं बघू नको. ते आपले नाय ऱ्हायले." चाचा काही दिसले नाहीत. चाची मात्र मागच्या दाराने आल्या, जेद्दाहात असलेल्या त्यांच्या मुलासाठी बोंबलांची पुडी माझ्या बॅगेत कोंबली आणि आल्या तशा गेल्या. अब्बा तेव्हा चपला शोधत होते. चपला त्यांच्या पायातच होत्या.

ती पुडी पोचवायला मला कुठे जावंही लागलं नाही. जेद्दाहच्या अल अझीझिया भागातल्या ज्या खोलीत मला गादी मिळाली तिथेच चाचांचा मुलगा राहत होता. दोन्ही पार्ट्यांची पोरं एका खोलीत, एकाच पातेल्यातला भात खात. कफिलाकडे, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाकडे, एखाद्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडकला की सगळे त्याच्या पाठीशी. पुढे माझा धाकटा भाऊ इरफान आला, तोही त्याच खोलीत. गावाहून फोन आला की आम्ही पोट धरून हसायचो. अध्यक्षाला काय पगार असतो का, कशाला एकमेकांची तोंडं बघत नाहीत हे लोक? सगळ्यांत मोठ्याने इरफान हसायचा. लांबून हसायला काय जातं म्हणा. तिथे राहायचं तर आम्हाला नव्हतंच.

काही वर्षांनी इरफानला त्याच्या मेहुण्याने अमेरिकेला बोलावून घेतलं. बायको रुबिना आणि तान्ही सना यांना घेऊन तो गेला. मी राहिलो. जेद्दाहातल्या एका हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करतो, आता तीस वर्षं होत आली. मला आणि मुमताजला मूलबाळ नाही. सना दर उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची. मुमताजने केलेली सांदणं खात, इंग्रजीत बडबडत घरभर फिरायची. ती परत गेली की पुढचे दोन आठवडे आम्हा नवरा-बायकोला एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे. तिला आम्ही आमचीच मुलगी मानतो, हे इथे उघडच लिहितो.

इरफानचा पेट्रोल पंप एका लहान गावात आहे. तिथला मोठा कारखाना बंद पडला, माणसं बेकार झाली, आणि शहरातले शिकलेले लोक त्यांना हसतात असं त्या माणसांना वाटू लागलं. मग त्यांचा एक पुढारी उभा राहिला आणि त्याच्या सभा सुरू झाल्या. इरफान पहिल्यांदा गेला तो गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर. तिथे लोकांनी त्याला नावाने हाक मारली, पाठ थोपटली. मला त्याचं नवल वाटलं नाही. परदेशात कुणी आपलं नाव बरोबर घेतलं की माणूस विरघळतो, मीही विरघळलो असतो. पण हळूहळू त्याच्या फोनवर दुसरा विषयच उरला नाही. सरकार म्हणजे चोर, कचेऱ्या म्हणजे बसून खाणाऱ्यांचे अड्डे, आणि आमचा माणूस आला की सगळी साफसफाई.

आणि सना? ती सरकारी कचेरीत लागली होती. नद्यांचं पाणी मोजायचं आणि पुराची सूचना द्यायची असं काहीतरी काम. तिच्या मित्रमैत्रिणी सगळ्या दुसऱ्या पक्षाच्या. बापाच्या पक्षाचे तेवढे सगळे मूर्ख किंवा दुष्ट, यापलीकडे तिच्याकडेही काही बोलायला नसे. मी म्हणायचो, "अगं, त्यातला एक तुझा बाप हाय." त्यावर ती विषय बदलायची.

मी ज्या देशात राहतो तिथे मला मत नाही. गावच्या यादीत नाव आहे, पण मतदानाच्या दिवशी मी कधी तिथे नसतो. तेव्हा मला काय अधिकार? तरी अझीझियातल्या सोफ्यावर बसून अमेरिकेच्या बातम्या बघताना माझं डोकं फिरतं. बजेट अडतं, कचेऱ्यांना कुलपं लागतात, माणसं पगाराविना कामावर जातात, आणि दोन्ही बाजूंचे पुढारी टीव्हीवर येऊन दोष कुणाचा एवढंच सांगत बसतात. एवढा मोठा देश, चंद्रावर माणूस पाठवलेला, आणि भांडण आमच्या जमातीच्या अध्यक्षपदाचं. फरक इतकाच की आमच्याकडे मागचं दार तरी उघडं होतं.

मग खर्चकपात आली आणि सनाची नोकरी गेली. त्याच दिवशी इरफानने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "साफसफाई व्हायलाच हवी होती." आपल्याच मुलीवर गदा आली आहे हे त्याला ठाऊक होतं का? तो म्हणतो, नव्हतं. सना म्हणते, होतं. ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि बापलेकीचं बोलणं थांबलं. सनाला पुढे एका कॉलेजात काम मिळालं, पण अबोला तसाच राहिला. रुबिना दोघांचे निरोप इकडून तिकडे करून थकली.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी सनाचा फोन आला. लग्न ठरलं होतं. मुलगा आपल्याच म्हसळ्याकडच्या घरातला, पण अमेरिकेतच वाढलेला. कोर्टातला कागद झाला होता, पण निकाहाशिवाय दोन्ही घरं त्याला लग्न मानणार नव्हती. "चाचा, निकाह तुमच्याकडे करायचा. मक्केला जाऊन उमराह पण होईल. आणि आय डोन्ट वॉन्ट ड्रामा. माझे वली तुम्हीच व्हा."

मला इतका आनंद झाला की क्षणभर मी हो म्हणणारच होतो. पण आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. वलीशिवाय, म्हणजे मुलीचा निकाह लावून देणाऱ्या पालकाशिवाय, तिचा निकाह होत नाही, आणि बाप हयात असताना चाचा वली होत नाही. बापाने आपल्या वतीने नेमलं तर वकील म्हणून बसू शकतो, तेवढंच. मी तिला तसं सांगितलं. "मग त्यांना सांगा नेमायला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी इरफानला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिला बाप नकोच हाय. ठीक. मी तुला वकील नेमला. खलास."

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून इथला अरबी 'खलास' ऐकला आणि मला राग आला. जन्मात आला नसेल असा. हे खलास म्हणणं किती सोपं! एकदा मी त्या जागी बसलो की ह्या दोघांना पुन्हा एका खोलीत यायचं कारणच उरणार नव्हतं. मी म्हणालो, "वकिलाने कबूल केलं पायजे ना? मी कबूल करत नाय. मुलीचा बाप तू. तुझं काम मी करणार नाय."

घरात हलकल्लोळ झाला. रुबिना रडली. सनाने मला लिहिलं की तुम्हीही त्यांच्याच बाजूचे निघालात. मुमताज तर माझ्याशी चार दिवस नीट बोलली नाही. तिचं म्हणणं, पोर आपल्या दारात आली होती आणि तू दार लावलंस. मला झोप लागेना. निकाह मोडला तर सना पुन्हा आमच्या घरी पाऊल टाकणार नाही, हे मला दिसत होतं. तरी मी शब्द फिरवला नाही.

ठरलेल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी बेल वाजली. दारात इरफान, हातात बॅग. सलाम नाही, दुआ नाही. "भाई, तू कोण रे नाय म्हणणारा?" मी म्हटलं, "आत ये, मग भांड." सना, रुबिना आणि मुलाकडची माणसं आधीच येऊन हॉटेलात उतरली होती. त्यांनी तो दिवस मक्केत काढला, त्यामुळे बापलेकीची गाठ पडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी जुम्म्यानंतर दिवाणखान्यात माणसं बसली. आमच्याच किनाऱ्यावरचे एक मौलवी आले होते. रीतीप्रमाणे इरफान दोन साक्षीदारांना घेऊन मुलीची परवानगी घ्यायला आतल्या खोलीच्या दाराशी गेला. साक्षीदारांतला एक मी, दुसरे मुलाचे मामा. सना पलंगावर मुमताजला टेकून बसली होती. इरफानने खाली बघत विचारलं, "तुझी परवानगी हाय का?"

सना म्हणाली, "आधी तुम्ही सांगा. माझं काम बिनकामाचं होतं?"

मुलाच्या मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. इरफानने तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता सगळी सभा ऐकवणार हा. पण तो म्हणाला, "तू काय काम करायचीस ते मला कुठं ठाऊक हाय? तू सांगितलं नाय, मी विचारलं नाय."

मग ती सांगू लागली. नदीत मोजमापाचं यंत्र कसं बसवतात, वरच्या अंगाला पाऊस पडला की खालच्या गावाला किती तास मिळतात, रात्रीच्या पाळीला कोण जागतं. मधेच इंग्रजी, मधेच आमची बोली. इरफान चौकटीला टेकला. मग खाली जमिनीवर बसला. "म्हणजे आपल्या सावित्रीवर असं असतं तर महाडच्या फुप्पीला आधी कळलं असतं?" त्याने विचारलं. फुप्पीचं, म्हणजे आमच्या आत्याचं, घर पुरात गेलं तेव्हा इरफान लहान होता, तिला खांद्यावर घेऊन बाहेर काढलेलं त्याने पाहिलं होतं. सना म्हणाली, "हो अब्बा. तेच तर." बाहेर मौलवींना दुसऱ्यांदा चहा दिला गेला.

मत कुणाचंच बदललं नाही, हेही सांगून टाकतो. उठता उठता इरफान म्हणालाच, "पण बाकीची खाती बसूनच खातात." सना ओरडली, "अब्बा!" आणि मग डोळे पुसत तिने परवानगी दिली. इरफानने मुलाचा हात हातात घेतला. 'माझी मुलगी' हे शब्द त्याला दोनदा म्हणावे लागले. मी मागे बसून होतो. आपण त्या जागी नाही याचं मला जितकं सुख झालं तितकंच थोडं दुखलंही.

पाहुणे गेले. असरच्या नमाजानंतर आम्ही घरचेच चहाला बसलो. माझी नोकरी लवकरच संपणार, इकामाही जाणार, तेव्हा पुढे काय, असा विषय निघाला. इरफान म्हणाला, "भाई, तू माझ्याकडे ये." सना म्हणाली, "नो वे, चाचा-चाची माझ्याकडे." दोघं वेगवेगळ्या राज्यांत राहतात, तेव्हा तिथलं हवामान, तिथले दवाखाने, असा वाद रंगला. मी म्हणालो, "मी गावाला जाणार."

"गावाला?" दोघं एकदम ओरडले. "गावाला कोण हाय आता?"

बरोबरच आहे त्यांचं. अब्बा गेले, अम्मी गेली, चाचा-चाची गेले, घराला कुलूप आहे. इरफान मला रागाने समजावू लागला आणि सना मधे मधे "अब्बा इज राइट, चाचा" म्हणू लागली. किती दिवसांनी त्या बापलेकीचं एकमत झालं होतं, आणि तेही माझ्याविरुद्ध. एका सोफ्यावर दोघं शेजारी बसून मला वेड्यात काढत होती. मी मुद्दाम हट्ट सोडला नाही. म्हटलं, जाणार म्हणजे जाणार. ती आणखी चिडली. माझं घर मला ह्याहून वेगळं नको होतं.