मोजे बघून पळालेली म्हैस

म्हैस हरभऱ्यातून पळत होती. तिच्यामागे तिची मालकीण सुमनबाई, सुमनबाईंच्या मागे त्यांचे दीर नामदेवभाऊ आणि सगळ्यात मागे मी. माझ्या दोन्ही हातांत खांद्यापर्यंत चढवलेले प्लॅस्टिकचे मोजे वाऱ्यावर फडफडत होते. म्हैस मधेच थांबून मान वळवायची. मोजे दिसले की पुन्हा पळायची.

ही म्हैस अडलेली होती. म्हणजे वीत होती, पण रेडकू बाहेर येत नव्हतं. एक पाय दिसत होता, बाकी सगळं आत. अशा म्हशीनं पळणं चांगलं की वाईट, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मोजे खांद्यापर्यंत का होते, ते आधी सांगते. मी जनावरांची डॉक्टर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगत असते. गाडी मात्र वडिलांची आहे. जुनी मोटारसायकल. चोक ओढून किक मारत राहिलं की कधीतरी मनावर घेते. तिच्या हँडलपुढे काच नाही, आडोसा नाही. डिसेंबरात सकाळी राजूरहून हसनाबादच्या रस्त्याला लागलं की वारा थेट बोटांवर येतो. आधी बोटं दुखतात, मग दुखायची थांबतात. दुखायची थांबली की समजायचं, आता क्लच दाबला गेला का हे खाली बघून ठरवावं लागणार.

बाकीचे लोक गावात पोचून शेकोटीपाशी बसले तरी चालतं. माझं कामच बोटांचं आहे. अडलेल्या म्हशीच्या आत हात घातला की दिसत काहीच नाही. खूर कुठला, नाक कुठलं, गुडघा कुठला, सगळं चाचपून ओळखायचं. बधिर बोटांना सगळं एकसारखं लागतं. त्यात गारठलेला हात आत गेला की म्हैस आणखी जोर करते, आणि त्या जोरात आपलं मनगट पिळवटून निघतं.

म्हणून मी उपाय करून बघितले. लोकरीचे मोजे घातले, तर वारा त्यांतून आरपार. कातड्याचे घातले, तर ब्रेकचा अंदाज येईना. लोकरीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. वारा थांबला, पण एक पिशवी सुटून मागून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडावर जाऊन बसली. त्यानं गाडी थांबवून मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

शेवटी लक्ष गेलं ते माझ्याच बॅगेतल्या मोज्यांकडे. गाय-म्हैस गाभण आहे का तपासायला आणि कृत्रिम रेतन करायला आम्ही पातळ प्लॅस्टिकचे मोजे वापरतो. बोटांपासून खांद्यापर्यंत एकच तुकडा. लोकरीच्या मोज्यांवर ते चढवले आणि वारा बंद. बोटं मोकळी, क्लच-ब्रेक बराबर कळतो. मी खूश होते. दवाखान्यातल्या आमच्या साहेबांनी मला तशी येताना पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे स्टॉकमधले तर नाहीत ना?"

"नाही सर, माझे घेतलेत."

"मग ठीक. मला वाटलं उडत आलात."

त्या दिवशी सुमनबाईंचा फोन उजाडताच आला. काजळी अडली आहे, जल्दी या. काजळी म्हणजे त्यांची म्हैस, पहिलटकरीण. तिची आई दूध पाजायच्या दिवसांतच मेली होती. सुमनबाईंनी बाटलीनं दूध पाजून तिला वाढवली होती. गोठ्यात दुसरं जनावर नव्हतं. फोनवर त्यांचा आवाज इतका शांत होता की मला त्याचीच भीती वाटली.

मी गाडी जेवढी पळते तेवढी पळवली. गल्लीत शिरले तेव्हा दारात बांधलेल्या दोन म्हशी खुंट्याभोवती गरगर फिरायला लागल्या. मला वाटलं गाडीच्या आवाजानं. गाडी उभी केली, बॅग घेतली आणि तशीच गोठ्यात गेले. हात मस्त उबदार होते. काजळीनं वर बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि एका हिसक्यात खुंटा उपटून पळाली.

तिचं काही चुकलं नाही. तिच्यावर रेतन मीच केलं होतं. गाभण आहे का, हेही मीच तपासलं होतं. दर वेळी हेच लांब मोजे घालून. गल्लीतल्या त्या दोघींनाही मीच तपासलं होतं. जनावर माणसाचं तोंड विसरत असेल, असला मोजा विसरत नाही. एवढी साधी गोष्ट मला हरभऱ्यात पळताना सुचली.

नामदेवभाऊ धापा टाकत मागं वळले. "मॅडम, तुमचे हात बघून पळून राह्यली ती. पुढच्या खेपेला हात घरी ठिवून येत जा."

मी थांबले. मोजे काढून बॅगेत कोंबले आणि बांधाआड खाली बसले, म्हशीला दिसणार नाही अशी. दोघांनाही पाठलाग थांबवायला सांगितलं. सुमनबाई एकट्याच हळूहळू पुढं गेल्या, बाळाला बोलावतात तशी हाक मारत. काजळी उभी राहिली. त्यांनी तिला बांधावरच्या लिंबाला आणून बांधली.

तोवर नामदेवभाऊंनी दोरी आणली होती. दिसतो त्या पायाला बांधायची आणि चार जणांनी ओढायची, हा त्यांचा बेत. गावात असंच करतात. पण रेडकू सरळ येताना पुढचे दोन्ही पाय आणि त्यांवर टेकलेलं डोकं, असं येतं. इथं दुसरा पाय कुठं होता तेच माहीत नव्हतं. तो आत दुमडलेला असताना ओढलं, तर रेडकू अडकून मरतं आणि म्हैस आतून फाटते.

"मी सांगेपर्यंत दोरी लावायची नाही," मी म्हणाले.

"मंग उशीर झाला तर?"

"भावजी, गप बसा," सुमनबाई म्हणाल्या. "शिकून आल्यात त्या." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पर वाचंल ना?"

मी म्हणाले, हात घातल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता मोजा घालणं भागच होतं. अशा वेळी उघडा हात घालू नये, जनावराचे रोग आपल्याला लागतात. मग सुमनबाईंनी पदरानं काजळीचे डोळे झाकले, आणि मी तिच्या मागं उभी राहून चोरून मोजा चढवला. तेवढं बघून नामदेवभाऊंना हसू आवरेना.

बोटं गरम होती, म्हणून सगळं लख्ख कळलं. डोकं होतं. एक पाय सरळ. दुसरा गुडघ्यात वाकून मागं अडकलेला. मी एक बोट रेडकाच्या तोंडात घातलं आणि वाट बघितली. काही नाही. पुन्हा जरा आत सरकवलं. त्यानं बोट चोखलं.

"जिवंत आहे," मी म्हणाले. सुमनबाईंनी पदर आणखी घट्ट धरला.

कळ ओसरली की रेडकाला मागं ढकलायचं, तेवढ्या जागेत दुमडलेला पाय पुढं आणायचा. आणताना खुराची टोकं आपल्या तळहातात झाकायची, नाहीतर ती आत फाडत येतात. दोनदा पाय निसटला. तिसऱ्यांदा आला. मग नामदेवभाऊंना म्हटलं, आता आणा तुमची दोरी. कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं. ते बिलकुल तसंच करत गेले, आणि रेडकू हरभऱ्यात येऊन पडलं. वगार होती, म्हणजे मादी. काजळीसारखीच काळीभोर. सुमनबाईंनी तिचं नाक-तोंड पुसलं, तेव्हा ती शिंकली. काजळी वळून तिला चाटायला लागली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागं घेतला.

थोडा हरभरा गेला, पण सुमनबाई म्हणाल्या, वगारीचं बारसं समजा.

नामदेवभाऊंनी गावात वेगळंच पसरवलं. डॉक्टरीण बाईनं मुद्दाम म्हैस पळवली, पळवल्यानं रेडकू सैल झालं. मी पुस्तकं चाळली, तसं काही लिहिलेलं सापडलं नाही. तरी शेजारच्या वाडीतून फोन आलाच, म्हैस अडली आहे, मॅडम ते पळवायचे मोजे घेऊन या.

मी राजूरच्या टेलरकडून जुन्या रेनकोटच्या कापडाला आतून गोधडी लावून दोन खोळी शिवून घेतल्या. त्या हँडलवर कायमच्या बांधल्या आहेत. हात आत घालून गाडी चालवायची, उतरताना हात काढून घ्यायचे. खोळी गाडीवरच राहतात, म्हशीला दिसतात ते नुसते हात. दवाखान्यात नवा डॉक्टर आला की त्याला मी पहिल्या दिवशी टेलरचा पत्ता देते. औषधांचं तो शिकून आलेला असतो.