बाबांचा प्रश्नोत्तराचा तास

रविवारी संध्याकाळी बुद्धवंदना झाली, की मेणबत्ती जळत असतानाच आमच्या घरी प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. विधानसभेत असतो ना, तसाच. हे वेड माझ्या सासऱ्यांचं. त्यांचं नाव देवराव, आम्ही सारे त्यांना बाबा म्हणतो.

बाबा एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं, मुंबईचं सरकार इथं उतरलं, की माणसं कमी पडायची आणि बाबांची नेमणूक विधानभवनात व्हायची. आमदारांच्या बाकांवर प्रश्नांच्या छापील याद्या ठेवायच्या, चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यायच्या, आणि बाकीचा वेळ दाराशी उभं राहायचं. दाराशी उभा माणूस ऐकल्याशिवाय करणार तरी काय? आमदारांच्या प्रश्नाचा शेवट ठरलेला, "हे खरे आहे काय?" मंत्र्यांची उत्तरंही ठरलेली. "होय, हे खरे आहे." "हे खरे नाही." "अंशतः खरे आहे." आणि अगदीच अंगाशी आलं, तर "प्रश्न उद्भवत नाही."

"बाहेर मंत्र्याची गाडी निघाली का पूर्ण रस्ता बाजूले होते," बाबा सांगतात. "पण आत त्या एका तासात काल निवडून आलेला पोट्टाबी त्याले उभा करते. इचारते, सांग म्हणते. लय मोठी गोष्ट हाय ते."

छप्पन साली बाबा जेमतेम चालण्या-बोलण्याच्या वयाचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेले होते. विहारात भन्तेजी सांगतात, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, विचारून-तपासून घ्या. बाबांच्या मते भन्तेजी आणि विधानसभा एकच गोष्ट सांगतात, फक्त विधानसभेत गोंधळ जास्त होतो.

मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा पहिल्याच रविवारी मला प्रश्न विचारायला लावला होता. मी लाजत म्हटलं, "मोरीचा नळ गळतो, हे खरे आहे काय?" आमच्या ह्यांना उभं राहावं लागलं. म्हणाले, "होय, हे खरे आहे. लवकरच कार्यवाही करण्यात येईल." बाबा कडाडले, "लवकरच म्हणजे कवा? तारीख सांग!" नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. सासरी आपलं कोणी ऐकेल की नाही, ही धाकधूक त्या नळाबरोबरच थांबली.

बाबा स्वतःही सुटत नाहीत. त्यांना साखरेचा आजार आहे. एकदा मेघानं, म्हणजे माझ्या लेकीनं, उभं करून विचारलं होतं, "आजोबा, चौकातल्या दुकानात तुम्ही संत्रा बर्फी खाल्ली, हे खरे आहे काय?"

"अंशतः खरे आहे."

"अंशतः म्हणजे?"

"अर्धीच खाल्ली वं."

या सगळ्यात एकच माणूस कधी प्रश्न विचारत नसे. माझ्या सासूबाई, मीराबाई; आम्ही त्यांना आई म्हणतो. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायच्या, समोर परातीत काहीतरी निवडायला, सोलायला. प्रश्न विचारा म्हटलं की म्हणायच्या, "मी गॅलरीतली. गॅलरीतल्यानं बोलाचं नसते." त्यामागे एक गोष्ट आहे. बाबांनी एका वर्षी पास काढून त्यांना अधिवेशन दाखवायला नेलं होतं. नवं लुगडं, कडेवर आमचे हे, तेव्हा तान्हे. वरच्या गॅलरीत बसल्या आणि कोण्या मंत्र्याचं उत्तर सुरू असताना ह्यांनी भोकाड पसरलं. तिथल्या माणसानं त्यांना बाहेर नेऊन बसवलं. तेव्हापासून आई हसून सांगत, "मले तं सभागृहातून काढलं हाय बाप्पा."

मेघा नर्सिंग शिकली, इथंच एका खाजगी दवाखान्यात लागली. ड्यूटीला जायच्या आधी रोज सकाळी बाबांना इन्सुलिनची सुई तीच देत असे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिनं सांगितलं, की जर्मनीतल्या एका दवाखान्यासाठी तिची निवड झाली आहे. संध्याकाळचा जर्मन भाषेचा क्लास ती कशासाठी करत होती, ते तेव्हा उलगडलं. होकार वर्षाच्या शेवटपर्यंत कळवायचा होता. ह्यांचा आणि माझा होकार होता, म्हणजे माझा रडून झाल्यावर होता. पण मेघा म्हणाली, "आजोबा हो म्हणतील तरच जाईन. त्यांना नाराज करून मले तिथं काम सुधरणार नाही."

बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते आमच्या आमदारांच्या कार्यालयात गेले. परदेशी जाणाऱ्या नर्सांना दलाल फसवतात, तिथं त्यांची सोय काय, सरकारचं लक्ष आहे की नाही, यावर सभागृहात प्रश्न विचारा म्हणाले. आमदार तरुण आहेत. त्यांना विषय आवडला. घरी येऊन बाबांनी जाहीर केलं, "सरकारचं उत्तर येईपर्यंत घराचं उत्तर राखून ठेवण्यात येत आहे."

मेघा हसली. "चालेल ना आजोबा. तुम्हाले सरकारवर एवढा भरोसा हाय, ते तरी कळलं."

दिवाळी गेली. डिसेंबर आला, थंडी पडली, रस्त्यांवर पोलिसांचे कठडे लागले. प्रश्न स्वीकारला गेला, यादीत लागला. आमदारांच्या मदतनिसानं यादी फोनवर पाठवली. बाबांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "लय खाली लागला गा. तासाभरात इथवर येत नसते." आवाज दुःखाचा असायला हवा होता, पण तसा नव्हता. आईंनी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगांत लक्ष घातलं.

मी रोज सकाळी वंदनेनंतर सगळ्या प्राणिमात्रांचं सुख चिंतते. त्या दिवसांत लेकीशी आलं की अडखळायची. तिचं सुख जाण्यात चिंतावं की राहण्यात, तेच कळेना. रात्री दिवसाची नोंद करायच्या वहीतही मी तेवढंच लिहिलं आणि पुढे भाजीचा हिशोब लिहिला.

प्रश्नाच्या दिवशी आम्ही सारे फोन टेबलावर उभा करून थेट प्रक्षेपण बघत बसलो. मेघा ड्यूटीच्या कपड्यांत, मांडीवर डबा. पहिलाच प्रश्न बिबट्याचा निघाला. एका आमदाराचा उपप्रश्न, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याच्या गावातला बिबट्या. पुढे कापसाच्या प्रश्नावर दोन्ही बाजू उठून उभ्या राहिल्या आणि कामकाज थांबलं.

"आता?" मेघानं विचारलं.

"तास संपला," बाबा म्हणाले. "न लागलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर ठेवतात. येईन ते."

ते संध्याकाळी आलं. परदेशी जाणाऱ्या परिचारिकांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने व्यवस्था केली आहे, हे खरे आहे काय? उत्तर होतं, अंशतः खरे आहे. परराष्ट्राशी संबंधित बाब केंद्राच्या अखत्यारीत असून केंद्राशी पत्रव्यवहार सुरू आहे.

बाबांनी फोन सगळ्यांना फिरवून दाखवला. "पाहा! सरकारच अंशतः म्हणून राहिलं. अशात पोट्टीले कसं पाठवाचं? आता हा प्रश्न दिल्लीले विचारा लागते. लोकसभेत, परराष्ट्र मंत्र्याले. आपल्या खासदाराले भेटतो मी."

मेघाचा चेहरा उतरला. "आजोबा, तोवर वर्ष संपून जाईल. ते लोक थांबणार नाहीत माझ्यासाठी."

"थांबत नसतीन तं काय कामाचे ते," बाबा म्हणाले आणि दात कोरायला काडी शोधत आत गेले.

दुसऱ्या दिवशी मेघा क्लासला गेली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या तिनं आरशावर चिकटवल्या होत्या. त्यातल्या काही तिनं काढून टाकल्या.

आणि रविवार आला. वंदना झाली. बाबा दिवाणावर बसले, "कुणाचा प्रश्न?" म्हणाले. मेघा भिंतीकडे पाहत होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. तेवढ्यात उंबऱ्याशी परात सरकल्याचा आवाज आला. आईंनी पदराला हात पुसले, बैठकीत आल्या आणि हात वर केला.

"अध्यक्ष महोदय, मले एक प्रश्न हाय."

बाबा बघतच राहिले. "तू तं गॅलरीतली वं."

"त्या वक्ती लेकरू रडलं म्हणून काढलं मले. ते लेकरू आता टकलं होऊन समोर बसलं हाय. आतातरी येऊ देसान का नाही?"

ह्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला. मेघा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"विचार," बाबा म्हणाले.

आई नीट उभ्या राहिल्या. "मेघाची काळजी वाटते म्हणून तुमी तिले जाऊ देऊन नाही राहिले, हे खरे आहे काय?"

"होय, हे..." बाबा थांबले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, सवयच नाही. "अंशतः खरे आहे."

"उपप्रश्न," आई म्हणाल्या. "बाकीचा अंश काय हाय?"

"प्रश्न उद्भवत..."

"उद्भवते. चांगला उद्भवते. उभं राहून सांगा."

गुडघ्यांमुळे बाबांना बसून उत्तर द्यायची सूट आम्हीच दिली होती. तरी ते दिवाणाचा कठडा धरून उठले. मी पुढे झाले तर हातानं थांबवलं. सदऱ्याची गुंडी चाचपत उभे राहिले. ज्या दाराशी उभं राहून त्यांनी इतके मंत्री अडखळताना पाहिले, तिथली गंमत त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

"हे गेली तं सकाळची सुई कोण देईन?" ते म्हणाले.

"आजोबा, सुई तं कोणीही देते," मेघा म्हणाली. "मी आईले शिकवून जाईन ना."

"मले मालूम हाय कोणीबी देते." बाबांचा आवाज खाली आला. "पण सुई देऊन झाली तरी तू बसते माह्याजवळ. वार्डातल्या म्हाताऱ्याचं सांगते, तुह्या त्या खडूस मॅडमचं सांगते. चहा थंडा होते तरी उठत नाही. ते कोण देईन? दिवसभर मले कोण काय सांगते? मी तं आता दारातबी उभा राहत नाही कोणाच्या." मग मेघाकडे न बघता म्हणाले, "तो प्रश्न खाली लागला तं मी खुश झालो होतो. हे खरं हाय. पूर्ण खरं हाय. अंशतः नाही."

मेघा उठून त्यांच्या कमरेला बिलगली. लहानपणी बिलगायची तशीच, फक्त आता तिचं डोकं त्यांच्या खांद्याला लागत होतं. "मंग नाही जात मी," ती म्हणाली.

"बस खाली," आई म्हणाल्या. "तुले नाही विचारलं. मंत्र्याचं उत्तर पुरं नाही झालं अजून." आणि बाबांना म्हणाल्या, "मलेबी करमणार नाही. पण तुमच्या करमण्यासाठी पोट्टीले दारात उभं करून ठेवाचं का? तुमी उभे राहिले तेवढं बस झालं. तिले आत जाऊन बसू द्या."

 बाबांनी मेघाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "परवानगी देण्यात येत आहे." मग घरच्या बोलीत म्हणाले, "जाय माय."

सुई शिकायचा मान आईंनी माझ्याकडून काढून घेतला. "पुरी जिंदगी यायले टोचाचं होतं मले, आता संधी भेटली," म्हणाल्या. नरखेडहून आलेली संत्र्यांची पेटी घरात होतीच. मेघानं एक संत्रं त्यांच्या हातात दिलं, साधं पाणी भरून सुई कशी धरायची, किती तिरपी, कधी थांबायचं ते दाखवलं. नर्सिंगला तीही तशीच शिकली होती.  टोचून झालं की आई संत्र्यालाच विचारायच्या, "दुखलं का रे?" बाबा पलीकडून ओरडायचे, "संत्रं नाही सांगत म्हणून चाललं तुमचं!" मेघा जायच्या आदल्या आठवड्यात संत्र्यांवरून गाडी बाबांच्या पोटापर्यंत आली.

उन्हाळा लागता लागता ती गेली. विमानतळावर बाबांनी तिला एकच गोष्ट बजावली, की तिथं वरिष्ठांना प्रश्न विचारायला लाजायचं नाही, कोणत्याही भाषेत विचार.

आता रविवारी वंदना झाली की फोन पेल्याला टेकवून दिवाणासमोर ठेवतो. मेघाच्या तिकडे दुपार असते. आईंची परात बैठकीत आली आहे. त्या बाबांच्या शेजारीच बसतात आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याच विचारतात, ह्यांना तर भंडावून सोडलं आहे. मागच्या रविवारी मेघाची पाळी होती.

"आजोबा, आजीच्या हातची सुई दुखते, हे खरे आहे काय?"

बाबांनी आधी आईंकडे पाहिलं. "अंशतः खरे आहे."

"पाहा, बदनामी करून राहिले माही," आई म्हणाल्या. मग जरा थांबून, हळूच, "बाकीचा अंश सांगा तिले."

बाबा उठून उभे राहिले. गुडघे धरून, सावकाश. फोनच्या चौकटीतून त्यांचं डोकं बाहेर गेलं, मेघाला फक्त सदऱ्याच्या गुंड्या दिसत असाव्यात.

"दुखते," ते म्हणाले. "पण सुई नाही दुखत."

 पलीकडे मेघानं नाक पुसलं आणि तिच्या वार्डातल्या एका म्हाताऱ्या जर्मन आजोबांचं सांगायला लागली. ते रोज सकाळी सुई टोचून घेतात आणि तिला उठूच देत नाहीत, म्हणे. बाबा खाली बसले, फोन जवळ ओढून घेतला. मी आणलेला चहा त्यांच्या हाताशीच होता, तो थंड होऊ दिला.