तांडेलाची मूठ

माझं नाक डावीकडे कललेलं आहे ते जन्मजात नव्हे. ते पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या एका तांडेलानं वळवलं, आणि इतक्या सफाईनं की पुढे मुंबईच्या एका बड्या सर्जनानं त्याला हात लावायचं नाकारलं. ‘यात सुधारणेला जागा नाही,’ म्हणाला.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. किल्ल्याच्या वाटेवर माझा दवाखाना होता. पुढे ओटी, आत तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट आणि निर्मळ गावाहून सायकलवर येणारा कंपाउंडर. हा इतका सडपातळ, की खाडीवरून वारा सुटला की मी त्याला कपाटाची कडी धरून उभा राहायला सांगायचो.

त्या सकाळी बायकोनं पुढे घातलेला तांडेल ओटीवर आला. तांडेल म्हणजे होडीचा धनी. त्याच्या शब्दावर शीड चढतं आणि त्याच्या शब्दावर उतरतं. उंची अशी, की दारातून शिरला आणि दवाखान्यात दिवेलागण झाली. शिंगाळा माशाचा काटा उजव्या तळहातात मोडला होता. हात सुजून शहाळ्याएवढा झालेला, आत पू, आणि मनगटापासून एक लाल रेघ कोपराकडे निघालेली. ती काखेत पोचण्याआधी पू निघाला नाही तर हात जाणार, हे मला दिसत होतं. उजव्या हाताशिवाय सुकाणू कोण धरणार, हे त्याला दिसत होतं. म्हणून तर आला होता.

गळू फोडायची आम्हा डॉक्टर लोकांची तेव्हा एक ठरलेली रीत होती. रोग्याला उताणा पाडायचा, चौघांनी हातपाय दाबायचे, चाकू टॉवेलात लपवायचा आणि मधाळ आवाजात म्हणायचं, “घाबरू नका हं, नुसतं बघतो.” मीही रस्त्यावरचे चार गडी बोलावले, टॉवेल घेतला, आवाजात मध घातला. “नुसतं बघतो हं, तांडेल.”

टॉवेल जरा सरकला. पातं चमकलं.

पुढचं मी हवेतून पाहिलं. चारही गडी चार दिशांना गेले. त्यातला एक पार लांब कामण गावात उतरला असं म्हणतात, पण मी ते सोडून देतो. डाव्या ठोशानं माझं नाक गेलं, मी कपाटावर गेलो आणि कपाटातली क्लोरोफॉर्मची एकुलती एक बाटली फरशीवर गेली. कंपाउंडर उभ्या उभ्या घोरू लागला. दारात केळीवाला थांबला होता, तो घडावर डोकं टेकून झोपला. रोगी तेवढा टक्क जागा.

शुद्धीवर आल्यावर कंपाउंडर म्हणाला, “साहेब, हवालदार बोलावू. नाहीतर मुंबईला धाडून द्या.”

“मुंबईला पोचेपर्यंत ती रेघ काखेत असेल.”

“मग दोरानं बांधू.”

“तू बांधणार?”

तो बाटलीच्या काचा वेचू लागला.

तांडेल गेला मात्र नव्हता. ओटीवर येरझाऱ्या घालत होता. दुखरा हात छातीशी धरून या टोकाला, मग त्या टोकाला. ओटीच्या फळ्या कण्हत होत्या. आत मी नाकाला बोळा लावून तेच करत होतो. तो वळला की मी वळायचो. मधून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, “भाग, भाग तसाच! वल्हं तोंडात धरशील ना उद्या?” दर फेरीला मी खिडकीतून रेघ बघायचो. दुपारपर्यंत ती कोपर ओलांडून वर सरकली.

शेवटी मला राहवेना. बाहेर गेलो, हाताच्या टप्प्यापासून लांब उभा राहिलो आणि विचारलं, “मला का मारलंत?”

पाचूबंदरात देवालाही तू आणि डॉक्टरालाही तू. “तू खोटा बोललास,” तो म्हणाला. “बगतो बोललास, आनि फडक्यात सुरी. मी काय मासा हाय, उताना पाडून चिरायला?”

“सुरी दाखवली असती तर मारलं नसतं?”

“मना ठाव नाय.” प्रामाणिक माणूस. जरा चालला, परत आला. “माझे होडीवर माझे आवाजाबिगर कोन दोरी पन सोडत नाय. इथं माझाच हात, आनि मनाच खबर नाय.”

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “माझेकडे काय बगतंस? त्याला विचार.”

विचारलं. ठरलं ते असं : तो झोपणार नाही, बसणार. कोणी धरणार नाही. चाकू ताटलीत, उघडा, त्याच्यासमोर. तो ‘हां’ म्हणेल तेव्हा मी चालवायचा, ‘थांब’ म्हणाला की हात वर. आणि त्याच्या डाव्या हाताला धरायला काहीतरी हवं होतं. इकडेतिकडे बघून त्यानं दाराचा अडसर काढून घेतला. अस्सल सागवानी, माझ्या मांडीएवढा जाड.

“साहेब,” कंपाउंडर माझ्या कानात म्हणाला, “सकाळी तर रिकामा हात होता.” आणि कपाटामागे गेला. तिथे तो पूर्ण मावला.

तांडेलानं अडसर सुकाणूसारखा काखेत धरला, उजवा हात टेबलावर ठेवला. मी चाकू टेकवला.

“थांब!”

थांबलो. तो दाराबाहेर बघत राहिला, लाटेचा अंदाज घ्यावा तसा.

“हां!”

पातं आत गेलं. आरोळी अशी उठली की पार अर्नाळ्याला कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. डाव्या हातातला अडसर वर गेला, छताला लागला, माझ्या टाळूच्या दिशेनं निघाला.

“थांब!” तांडेल ओरडला.

मी थांबलो. पण त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. अडसरावर होते. तो हुकूम मला नव्हता, आपल्याच डाव्या हाताला होता. हात तिथेच राहिला. मग हळूहळू खाली आला.

“हां. आता काड सगला.”

काढला. पू किती निघाला ते सांगत नाही. माझ्यावर आधीच कुणी विश्वास ठेवत नाही. काट्याचं टोक मात्र निघालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ कोपराखाली उतरली होती.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात टॉवेल फक्त हात पुसायला. चाकू ताटलीत, आणि रोगी ‘थांब’ म्हणाला की मी थांबतो. गोंधळ वाढला, वेळही दुप्पट लागू लागला. दुसऱ्यांदा नाक मात्र मोडलं नाही.

जखम भरली तशी एक गोष्ट मला छळत होती : बोटं मिटत नव्हती. उघड्या पंजानं सुकाणू धरता येत नाही. दर खेपेला मी म्हणायचो, “मिटा,” आणि बोटं अर्ध्यावर अडायची. तो ओटीवर येरझाऱ्या घालत निघून जायचा.

मग एका सकाळी तो न सांगता आत आला, थेट माझ्यासमोर. उजवा हात माझ्या तोंडापुढे धरला आणि आवळला. सगळी बोटं मिटली. डोंगराएवढी मूठ, नाकापासून वीतभर अंतरावर.

कंपाउंडर कपाटामागे गेला. मी जागचा हललो नाही. म्हटलं, “अजून घट्ट.”