हाजराबी आणि बोलता पाव

हाजराबी आयुष्यात नवापूरच्या पलीकडे कधी गेली नाही. नवापूरलाही गेली ती लेक तिथे दिली होती म्हणून. पण फ्रान्समधल्या एका गावातली एक गल्ली तिला नंदुरबारच्या बाजारापेक्षा जास्त पाठ होती. गल्लीच्या तोंडाशी घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद, त्यावर बर्फाची साय, मग उतार आणि उताराच्या शेवटी पिवळा उजेड सांडणारं एक दार. त्या दाराच्या आत एक जाडजूड विधवा बाई पाव भाजायची. बाईच्या नाकात हाजराबीने आपल्या मनाने चमकीही घातली होती. विलायतेच्या बाईला चमकी कुठून, असं कुणी म्हटलं तर म्हणो. नाकात काही नसलेली बाई तिला स्वप्नातसुद्धा ओकीबोकी वाटे.

ही गल्ली तिला लग्नात मिळाली. इद्रिस हा नंदुरबारच्या पिंजाऱ्याचा मुलगा. कामाच्या शोधात सुरतेला गेला, तिथे पहिल्या मोठ्या लढाईसाठी खेचरं हाकायला माणसं घेत होते, त्यांच्याबरोबर आगबोटीत चढला आणि फ्रान्सच्या चिखलात जाऊन उतरला. परत आला तेव्हा हातपाय शाबूत होते, म्हणून आईने घाईघाईने धानोऱ्याची हाजरा पाहिली. निकाह झाला आणि दिवस कलताना बैलगाडी नंदुरबारच्या वाटेला लागली. नवरी मान खाली घालून बसलेली. शेजारी नवरदेव. काहीतरी गोड बोलायला हवं हे त्या बिचाऱ्याला कळत होतं, पण जिभेवर आला तो पाव.

त्याने सांगितलं की पिठाची पोती घेऊन तो रोज पहाटे त्या बाईकडे जायचा. पाव हाताएवढा लांब, वर वस्तऱ्याने मारलेल्या तिरप्या चिरा. भट्टीत पाव सारताना बाई आत पाण्याचा सपकारा मारायची, वाफेचा लोट उठायचा. भाजलेले पाव ती भिंतीला टेकून उभे करायची, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे, ओळीने, उघडे. हाजराला त्यांची दया आली. एवढ्या थंडीत उघडे, असं ती पुटपुटली, आणि नवरा पहिल्यांदा हसला. मग त्याने खरी गोष्ट सांगितली. उभे केले की ते पाव बोलायला लागायचे. हळू, एकमेकांत, सगळे मिळून.

घुंघटातून नवरीने लग्नानंतरचा पहिला प्रश्न विचारला, "काय बोलस तो?"

"माले ती बोली कोठे समजस," इद्रिस म्हणाला. "पन आयकीसन घरनी याद उनी."

तिथे रात्रभर तोफा चालू असत, सकाळी कोण उरेल याचा भरवसा नसे, आणि त्या दारात उभं राहून डोळे मिटले की आपण जगणार असं त्याला वाटायचं. हाजराने त्याच क्षणी त्याला आपला मानला. पावावर तिचा विश्वास बसला होता का? छे. पण माणसावर बसला.

गावाचा मात्र कशावरच बसला नाही. लढाईहून आलेल्या माणसाने तोफांच्या गोष्टी सांगाव्यात, विमानांच्या सांगाव्यात. पाव बोलतो म्हणणारा माणूस थापाड्याच. स्टेशनजवळच्या कापसाच्या जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, इद्रिस कामाला लागला, तिथे रोज कुणी ना कुणी विचारायचं की इद्रिसभाई, आज पाव काय म्हणतो. शेजारची दगूबाई तर भिंतीवरून हाजराला चिडवायची की बोलता बोलता हा पाव एखाद्या दिवशी तुझी सवत व्हायचा. इद्रिस रागवायचा नाही. घरी येऊन फक्त जरा कमी जेवायचा. हाजराबीला ते सहन व्हायचं नाही. एकदाच, निदान एकदाच आपल्या अंगणात तो पाव बोलावा आणि सगळ्या गावाची बोलती बंद व्हावी, हे तिने मनात घेतलं.

मागच्या अंगणात दोघांनी मिळून मातीची घुमटाकार भट्टी घातली, तळाला दगडी फरशी. सुरतेचे पाववाले पीठ फुगवायला ताडी घालतात असं इद्रिसने सांगितलं, तेव्हा हाजराबीने कानांवर हात ठेवले. ताडी तिच्या घरात येणं शक्य नव्हतं. तिने मनुका भिजवून, त्यात पीठ कालवून, मडक्यात खमीर धरलं. रोज त्याला मूठभर पीठ चारायचं, थंडीत मडकं चुलीजवळ सरकवायचं. लेक शमा तान्ही होती तेव्हा दोन लेकरं सांभाळते असं ती म्हणायची, आणि त्यातलं मडक्यातलं कमी रडतं असंही म्हणायची. गहू जात्यावर बारीक दळायचा आणि जुन्या मलमलीच्या ओढणीतून चाळायचा. लाकूड गोवाल नावाचा माणूस आणून द्यायचा, सातपुड्यातून मोळी घेऊन उतरणारा. पाव बोलतो याचं सगळ्या गावात त्याला एकट्यालाच नवल वाटलं नाही. पहाटे मोहाची फुलं टपकतात तेव्हा झाडाखाली उभं राहून ऐका, म्हणाला, सगळंच बोलतं.

पहिला पाव निघाला तो विटेसारखा. दगूबाईच्या शेळीने हुंगून तोंड फिरवलं. पुढे हळूहळू हात बसला. पाणी किती मारायचं, चिरा कधी द्यायच्या, भट्टीचं दार ओल्या गोणपाटाने कसं बंद करायचं, सगळं जमत गेलं. पाव फुगायचा, लालबुंद व्हायचा, वास तर असा सुटायचा की रस्त्याने जाणारा माणूस पावलं हळू टाकायचा. भट्टीतून काढताना वरची साल लाकडासारखी टणक लागायची. इद्रिस जाळ सांभाळायचा, हाजराबी फावड्याने पाव काढायची आणि काढताक्षणी ओढणीत गुंडाळून, वर गोधडीचा तुकडा घालून टोपलीत ठेवायची. मग इद्रिस गुडघे टेकून टोपलीला कान लावायचा.

टोपली गप्प. थोड्या वेळाने उघडली की पाव छान, चवदार आणि मऊ. गालासारखा मऊ. साल कुठे गेली कुणास ठाऊक.

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं दोघांना कळू नये? नाही कळलं. भाकरी असो, रोटी असो, गरम अन्न फडक्यात गुंडाळायचं असतं. तिच्या आईने तेच केलं, त्याच्या आईने तेच केलं. गरम रोटी उघडी टाकणारी बाई म्हणजे घराला वैतागलेली बाई. इद्रिसने फ्रान्समध्ये जे जे पाहिलं ते सगळं सांगितलं होतं. तिथे जे नव्हतंच ते तो कसं सांगणार?

वर्षं गेली. शमा मोठी होऊन नवापूरला सासरी गेली. स्वप्नातली गल्ली तशीच राहिली. दुपारी गहू निवडताना हाजराबीचा डोळा लागायचा आणि ती चपला घालून बर्फावरून चालत निघायची. पाय ओले व्हायचे नाहीत. दुकानातली बाई मान हलवून तिला आत घ्यायची. भिंतीशी उघडे उभे असलेले पाव पाहून हाजराबीचा जीव कळवळायचा, आपली ओढणी काढून त्यांच्यावर घालावीशी वाटायची. बाई तेवढ्यात तिचा हात धरायची, काहीतरी सांगायची, पण ती बोली हाजराबीला येत नव्हती. जाग आली की सुपात गहू आणि अंगणात ऊन.

इकडे इद्रिसचे कान जाऊ लागले. तोफांनी सुरुवात करून ठेवलेली, बाकीचं जिनच्या घरघरीने पुरं केलं. आधी पाखरांचे आवाज गेले, मग भिंतीपलीकडच्या दगूबाईचा गेला. हे एक बरं झालं, असं हाजराबीने चेष्टेत म्हटलं आणि मग आत जाऊन रडली. शेवटी त्याला हाजराबीचाही आवाज ऐकू येईना. तो तिच्या ओठांकडे बघून समजून घ्यायला शिकला. मीठ, पाणी, शमा, ऊन, ये, बस. संसाराला तसे शब्द लागतात किती? ती आधीपासूनच त्याला नावाने हाक मारत नव्हती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईने बजावलेलं, आणि लढाईतून जिवंत आलेल्या माणसाच्या बाबतीत तिला उगाच जोखीम घ्यायची नव्हती. तो तिच्या तोंडी नेहमी 'शमाना बाप'.

एका संध्याकाळी भट्टीपाशी बसून तो आपणहून बोलला. बहिरी माणसं बोलतात तसा, जरा मोठ्याने.

"तवय मन्हा कानमाच वाजत व्हई, हाजरा. तोफासनं. पाव कोठे बोलस?"

गावाने थापाड्या म्हटलं तेव्हा तिला राग यायचा. आता तो स्वतःच स्वतःला थापाड्या म्हणत होता, आणि शांतपणे. त्या एका आवाजाच्या आधाराने हा माणूस लढाईतून चालत घरी आला होता. तोच खोटा ठरला तर मागे काय राहणार? त्याला आता तो आवाज ऐकू येणार नव्हता, हे तिला कळत होतं. तरी तिने ठरवलं की त्याचं खरं त्याला परत मिळाल्याशिवाय भट्टी विझू द्यायची नाही. तो जाळाजवळ बसायचा सवयीने. कान लावणं त्याने सोडून दिलं.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी धुकं इतकं दाट होतं की दगूबाईची भिंत आहे की नाही ते कळत नव्हतं. भिंतीपलीकडे दगूबाईची सून अडली होती, तिचं कण्हणं मधूनमधून येत होतं. हाजराबीने दुवा मागितली, गोणपाट सारलं आणि पाव काढून पाटावर ठेवले. एका हाताने ओढणी उचलली. तेवढ्यात तान्ह्याचं रडणं फुटलं आणि पाठोपाठ धुक्यातून दगूबाईचा आवाज.

"हाजरा, मऊ फडकं शे का वं? पोर व्हयनी."

हातातली ओढणी धुतलेली, स्वच्छ, भट्टीच्या धगीने ऊबदार झालेली. हाजराबीने विचार केला नाही. भिंतीवरून ती पलीकडे दिली. दोन हात आले आणि घेऊन गेले. मग पावासाठी दुसरं फडकं शोधायला ती वळली.

आणि थांबली. मागे कुणीतरी चालत होतं. वाळलेल्या सागाच्या पानांवरून पाखरू चालावं तसं, टिच, टिच, मग थांबून पुन्हा टिच. तिने मागे पाहिलं. कुणी नाही. भट्टीत निखारा असेल, म्हणून ती वाकली. आवाज भट्टीतून नव्हता. पाटावरून होता. लाल सालीवर केसासारख्या बारीक रेषा उमटत होत्या, एकीतून दुसरी, आणि प्रत्येक रेषेबरोबर एक टिच. पाव उघडे होते, थंडीत, शिक्षा झालेल्या पोरांसारखे, आणि एकमेकांत बोलत होते. हळू. सगळे मिळून.

हाजराबी तिथेच खाली बसली. दुकानातली बाई इतकी वर्षं हात धरून काय सांगत होती, ते तिला आता समजलं. आपल्याच मायेने आपण त्यांची तोंडं बांधत होतो, हे कळून तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. पण ते सगळं नंतर. आवाज संपायच्या आत तिने एक पाव उचलला, बोटं भाजली तरी सोडला नाही, आणि उंबऱ्यात बसलेल्या इद्रिसपाशी नेला.

त्याने तिचा चेहरा पाहिला. मग पावाकडे पाहिलं. सवयीने कान लावला, काही नाही, आणि त्याने नाही अशी मान हलवली. तिने त्याचा हात धरून तळवा सालीवर टेकवला. साल तळव्याखाली तडकत होती, अगदी बारीक, मुठीत धरलेल्या पाखराचं काळीज लागावं तशी. इद्रिसचे डोळे मिटले. तो कुठे होता ते हाजराबीला ठाऊक होतं, तीही त्या दारात त्याच्या शेजारीच उभी होती.

डोळे उघडून त्याने तेच विचारलं, जे तिने बैलगाडीत विचारलं होतं. "काय म्हणस?"

हाजराबीने एकदा धुक्यातल्या भिंतीकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव आपण थोडंच घेतोय, पाव घेतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

"म्हणस, इद्रिसनी खरं सांगेल व्हतं."

तो गोंधळून तिच्या ओठांकडे बघत राहिला. खरं, हे त्याला कळलं. त्याच्या आधीचा शब्द कळेना. तिच्या ओठांवर तो शब्द त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्याने हाताने खूण केली, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं, आणि तरीही त्याला उमजेना तेव्हा लाजलज्जा गुंडाळून आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडे दगूबाईच्या घरात सगळे एकदम गप्प झाले.

"इद्रिस!"

मग त्याला कळलं. त्याने पाव मधोमध मोडला, साल कडाडली, गाभ्यातून वाफ आली. अर्धा त्याने तिच्या हातात दिला, आणि दोघं उंबऱ्यात बसून गरम गरम खाऊ लागले.