पूजेआधीचा प्रश्न

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, जुन्या मित्रांजवळ नाही — देवासमोर उभा राहिलो तरी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागतो आणि लगबगीनं बाहेर येतो. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. म्हणूनच बहुधा तोंड उघडायला जमतंय.

ऐकायला गोष्ट अगदी फुसकी आहे. नव्या गाडीची वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही — एवढीच. हसू आलं ना? मीही बरीच वर्षं ती हसण्यावारी नेऊन पाहिली. नाही नेता आली.

आधी माझ्याविषयी सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी सांगलीत एका विमा कचेरीत नोकरीला होतो. सुट्टीच्या दिवशी खेडोपाडी जाऊन लोकांना विम्याचं महत्त्व पटवायचो. आणि लोक काय म्हणायचे? "आवं सायेब, चांगल्या घरात आसलं वंगाळ कशाला बोलायचं?" मरण, आजार, मोडतोड यांचं नाव काढलं की ते घडतं, अशी त्यांची पक्की समजूत. मग मी चहाचा कप खाली ठेवून हसत हसत सांगायचो — मामा, बोलल्यानं काही घडत नसतं आणि गप्प बसल्यानं टळत नसतं. हे वाक्य मला तोंडपाठ होतं. ते जरा लक्षात असू द्या.

आमचं गाव कडेगावजवळ. घरी थोडा ऊस. अण्णा, माझा थोरला भाऊ, फौजेत ड्रायव्हर होता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं बर्फात आणि डोंगरात ट्रक चालवण्यात घालवली, आणि मी शिकलो तो त्याच्या मनीऑर्डरींवर. तो पेन्शनीवर आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच होतं — स्वतःची गाडी घ्यायची आणि महाबळेश्वरला टॅक्सी म्हणून लावायची. एका हॉटेलवाल्यानं गिऱ्हाईक द्यायचं कबूलही केलं होतं. फंडातली रक्कम, वर बँकेचं कर्ज, असं करून त्यानं सांगलीतच गाडी ठरवली. पांढरी, डिझेलवरची.

खरं सांगू? माझा जळफळाट झाला.

तोवर घरातला शहाणा मी होतो. सरकारी कागद आला, बाळूला बोलवा. कुणाला दवाखान्यात न्यायचं, बाळूला विचारा. आणि आता अण्णा गाडीचा मालक होणार, गावभर त्याचंच नाव. माझ्या सांगलीतल्या भाड्याच्या खोल्यांत आई कधी म्हणून आली नव्हती. गुडघे दुखतात, म्हणायची. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी तीच आई नवं लुगडं नेसून, एसटीच्या पायऱ्या चढून, त्याच गुडघ्यांनी सांगलीला आली. शोरूमच्या दारात तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती गाडी बघत होती. एवढ्याशा गोष्टीवरून भावाचं वाईट चिंतायचं असतं का? नसतं. पण मी चिंतलं.

गाडीला हार घातलेला होता. चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. वहिनीच्या हातात नारळ, आईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. आणि नेमका तेव्हाच तो टाय लावलेला विक्रेता एक कागद घेऊन आला. पहिल्या वर्षाची वॉरंटी कंपनीचीच आहे, म्हणाला, पण थोडे जास्त भरले तर पुढची दोन वर्षंही इंजिन, गिअरबॉक्स सगळ्याची दुरुस्ती आमच्याकडं लागली. टॅक्सीलाही चालतं. आत्ताच ठरवावं लागेल.

अण्णानं माझ्याकडं पाहिलं. विम्यातला माणूस मी, दुसऱ्या कुणाला विचारणार?

"बाळू, घाटात पळवायची हाय. गिअरबॉक्सच गेला तर? मिशिन हाय ते, कवातरी मोडणारच. घेऊया न्हवं?"

प्रश्न बरोबर होता. जन्मभर गाड्या हाकलेल्या माणसानं विचारावा तसाच नेमका. पैसे त्यानं वेगळे काढून खिशात ठेवलेले होते. मला नुसती मान हलवायची होती — एवढंच काम होतं माझं.

मी म्हणालो, "अण्णा, आजून पूजा न्हाई झाली. गाडीसमोर मोडायचं नाव काढतोस व्हय?"

हळू आवाजात म्हणालो, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. आईनं ताटावर पदर धरला. वहिनी "अगं बाई" म्हणून मागं सरली. अण्णानं जीभ चावली, बॉनेटला हात लावून गालांत मारून घेतलं. विक्रेत्यानं कागदाची घडी घातली; वॉरंटी राहिली ती राहिलीच. मग वहिनीनं नारळ वाढवला आणि आम्ही पेढे खाल्ले. मीही खाल्ला.

त्या वेळी माझ्या मनात नेमकं काय होतं? हे मी इतक्यांदा उकरून पाहिलंय की आता कशाचाच भरवसा वाटत नाही. तरी एक आठवतं — बिघडू दे एकदा, मग येईल माझ्याच दारी. हो, हे मनात आलं होतं. अण्णाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं याचं समाधानही वाटलं होतं. हेही खरं.

गाडी वर्षभर छान चालली, कंपनीची वॉरंटी संपली. दुसऱ्या पावसाळ्यात पसरणीच्या घाटात, प्रवासी बसलेले असताना, गिअरबॉक्स गेला. त्यापाठोपाठ इंजिनचं काम निघालं. गाडी वाईच्या एका गॅरेजात पडून राहिली, हप्ते थकले, हॉटेलवाल्यानं दुसरा टॅक्सीवाला धरला. शेवटी बँकेची माणसं गाडी ओढून घेऊन गेली. अण्णा मलकापूरला एका मंगल कार्यालयात कामाला लागला. तोंडात शिट्टी धरून दुसऱ्यांच्या गाड्या ओळीनं लावायच्या — "येऊ द्या, येऊ द्या, बास."

पण मी सांगायला बसलोय ते हेही नव्हे. हे कदाचित कुणी पोटात घातलं असतं.

गाडी गेल्यावर मी गावी गेलो होतो. घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. वहिनीनं चहा आणून दिला आणि अण्णाकडं न बघता त्यालाच म्हणाली, "आवं, तुमीच न्हाई का बोलला पूजेआधी? तवाच माझ्या काळजात चर्र झालं हुतं."

मला वाटलं, अण्णा उसळेल. म्हणेल, मिशिन हाय ते. फौजेतल्या वर्कशॉपची भाषा बोलेल. पण तो खाली मान घालून म्हणाला, "खरं हाय तिचं. बाळूनं टोकलं हुतं मला. माझीच जीभ वंगाळ, गड्या."

आणि माझ्याकडं त्यानं पाहिलं — कशानं, माहीत आहे? कृतज्ञतेनं. मी वेळेवर टोकलं होतं म्हणून.

एका वाक्याचं काम होतं. खेडोपाडी परक्या माणसांना हसत हसत ऐकवायचो, तेच वाक्य. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि मग मी कोण उरलो असतो त्या घरात? मी चहा प्यायलो. वर म्हणालो, "जाऊ दे अण्णा, झालं ते झालं." म्हणजे मी त्याला माफसुद्धा केलं! इतका नालायकपणा माझ्यात कुठून आला, मला खरंच माहीत नाही.

पुढच्या वर्षी मी गाडी घेतली. लहानशीच. अण्णाला बोलावलं, तो मलकापूरहून सकाळच्या एसटीनं आला, माझ्यासाठी नवा हार घेऊन. पण शोरूममध्ये पाऊल टाकेना. रस्त्यापलीकडं रसवंतीच्या सावलीत उभा राहिला आणि हार माझ्या हातात दिला. म्हणाला, "तू जा. पूजा होऊस्तवर मी हितंच हाय."

आत विक्रेत्यानं विचारलं, साहेब, वाढीव वॉरंटी?

मी घेतली. पूजेच्या आधी, गाडीसमोर उभं राहून, काय काय मोडलं तर काय काय मिळेल ते सगळं खोदून खोदून विचारलं आणि सही केली. काचेतून अण्णा दिसत होता. तो गाडीकडं पाठ फिरवून उभा होता.

घरी येताना तो मागच्या सीटवर बसला. रुमाल तोंडाला धरून. वाटेत मी दोनदा विचारलं, गाडी कशी वाटते? त्यानं नुसती मान डोलावली. उतरल्यावर दार हळूच लावलं, आवाज होऊ न देता, आणि मगच तोंडावरचा रुमाल काढला.

अण्णा अजून आहे. गावात कुणाची नवी गाडी आली, नवा ट्रॅक्टर आला की तो पूजा उरकेपर्यंत घरातून बाहेर पडत नाही. त्या दिवशी मी त्याला का टोकलं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.